चारकोल फेसवॉशला वास का आला? कोळसा बाटलीत काय करतो ते आधी पाहू

ताई, सगळ्यात आधी त्या लॉटमधल्या ज्या बाटल्या विकल्या गेल्या आहेत त्या परत मागवा आणि घरात उरलेल्या फेकून द्या. वास आलेला फेसवॉश पुन्हा गरम केला किंवा वरून थोडं प्रिझर्व्हेटिव्ह घातलं म्हणून सुधारत नाही. पाणी असलेल्या प्रसाधनांत वाढणारे स्यूडोमोनाससारखे जंतू डोळ्यात गेले तर बुबुळाला गंभीर इजा करू शकतात, आणि फेसवॉश तर डोळ्यांच्या कडेपर्यंत चोळला जातो. बहुतेक बाटल्या ओळखीतच गेल्या आहेत म्हणता, तेव्हा दहा-वीस फोन आजच करून टाका. लाज वाटेल थोडी, पण गिऱ्हाईक तुटत नाही. उलट अशा फोनने टिकतं, असा माझा अनुभव आहे.

आता तुमचा प्रश्न, वाचणाऱ्या इतरांसाठी थोडक्यात. तुम्ही वडोदऱ्यात कारेलीबागेत घरी कोल्ड प्रोसेस (तेल आणि कॉस्टिक न उकळता मिसळून केलेले) साबण करता, त्यात एक चारकोलचाही आहे, आणि ते दिवाळीच्या प्रदर्शनांत खपतात. स्टॉलवर येणारं प्रत्येक दुसरं माणूस ‘चारकोलवाळो छे?’ असं विचारतं, म्हणून तुम्ही ३ टक्के ॲक्टिव्हेटेड चारकोल घालून फेसवॉश केलात. फेसासाठी डेसाइल ग्लुकोसाइड, सोबत कुंडीतल्या कोरफडीचा ताजा गर, आणि टिकण्यासाठी सोडियम बेंझोएट व पोटॅशियम सॉर्बेट, दोन्ही पुरवठादाराने सांगितलं तेवढंच. तीन आठवड्यांत वास आला. आता तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत: प्रिझर्व्हेटिव्ह दुप्पट करू का, कोळसा ५ टक्के केला तर ‘डिटॉक्स’ जास्त होईल का, आणि त्यातच २ टक्के सॅलिसिलिक ॲसिड घातलं तर मुलीच्या नाकावरचे ब्लॅकहेड्स जातील का.

मी इथल्या मकरपुरा जीआयडीसीतल्या (औद्योगिक वसाहतीतल्या) लहान कारखान्यांसाठी गेली बरीच वर्षं फॉर्म्युलेशन करते. चारकोलची लाट आली तेव्हापासून हे तीन प्रश्न मला एकत्रच येतात, आणि ते वाटतात तितके वेगळे नाहीत. कोळसा चेहऱ्यावर काय करतो याची सगळ्यांना उत्सुकता असते. तो बाटलीत काय करतो हे मात्र कुणी विचारत नाही, आणि तुमच्या लॉटची गोष्ट तिथेच घडली आहे.

ॲक्टिव्हेटेड चारकोल होतो कसा ते पाहा. नारळाची करवंटी, लाकूड किंवा दगडी कोळसा हवा न लागू देता भाजतात. मग त्या कोळशावर सुमारे ८०० ते १००० अंश सेल्सियसला वाफ सोडतात. लाकडाच्या बाबतीत पुष्कळदा फॉस्फोरिक आम्ल लावून त्याहून कमी तापमानाला भाजतात. यात कोळसा आतून पोखरला जातो, त्यात सूक्ष्म छिद्रांचं जाळं तयार होतं आणि एका ग्रॅमचा अंतर्गत पृष्ठभाग साधारण ५०० ते १५०० चौरस मीटरपर्यंत पोचतो. मध्यम प्रतीचा, ग्रॅमला १००० चौरस मीटरचा धरू. तुमच्या १०० ग्रॅमच्या बाटलीतल्या ३ ग्रॅम कोळशात सुमारे ३२ हजार चौरस फूट पृष्ठभाग दडलेला आहे. या भिंतींना रेणू चिकटतात, विशेषतः पाण्यात फारसे न रमणारे, तेलकट किंवा बेंझीनचं कडं असलेले रेणू. पाण्याच्या फिल्टरमधला कार्बन नेमकं हेच करतो, आणि विषबाधेच्या रुग्णाला दवाखान्यात कोळसा पाजतात तोही याच गुणामुळे.

पण कोळशाला हा रेणू वाईट आणि तो चांगला असा भेद कळत नाही. लग्नाच्या पंगतीत घरचीच मंडळी आधी पाटांवर बसली तर दारात आलेल्या पाहुण्याला जागा कुठून मिळणार? बाटलीतली घरची मंडळी म्हणजे फेस करणारं सर्फॅक्टंट, सुगंध, कोरफडीतली द्रव्यं आणि तुमचं प्रिझर्व्हेटिव्ह. कोळसा या सगळ्यांत आठवडेच्या आठवडे बुडालेला असतो. चेहऱ्यावरचं तेल त्याला भेटतं ते जेमतेम अर्धा-एक मिनिट, आणि तेही पाटांवरची जागा बरीचशी गेल्यानंतर.

याचा तुमच्या लॉटवर दोन बाजूंनी परिणाम झाला असावा.

पहिली बाजू सरळ आहे: प्रिझर्व्हेटिव्हचा काही भाग कोळशाला चिकटला. चिकटलेला रेणू जंतूंच्या काही कामाचा नाही, जंतूंशी झुंजतो तो पाण्यात मोकळा असलेलाच. बेंझोइक आम्ल (तुमच्या सोडियम बेंझोएटमधलं), पॅराबेन, फिनॉक्सीइथेनॉल ही प्रिझर्व्हेटिव्हं, सगळी बेंझीनच्या कड्याची द्रव्यं, म्हणजे कोळशाला विशेष आवडणारी. सांडपाण्यातलं फिनॉल काढायला कारखान्यांत ॲक्टिव्हेटेड कार्बनच वापरतात, त्यामुळे यात नवल काही नाही. पुरवठादाराने दिलेलं प्रमाण कोळसा नसलेल्या साध्या फॉर्म्युल्यासाठी असतं. तुम्ही त्याने सांगितलं तसंच वागलात, फक्त तुमच्या बाटलीत त्याने न मोजलेला एक गिऱ्हाईक बसला होता.

दुसरी बाजू पीएचची (आम्लतेचं माप: ७ च्या खाली आम्लधर्मी, वर क्षारधर्मी), आणि तुमच्या बाबतीत मला हीच मोठी वाटते. सोडियम बेंझोएट स्वतः जंतू मारत नाही. आम्लधर्मी पाण्यात त्याचं बेंझोइक आम्ल बनतं आणि ते काम करतं. पीएच ४.२ ला निम्मं बेंझोएट आम्लाच्या रूपात असतं. पीएच ५ ला सुमारे १४ टक्के उरतं, पीएच ६ ला दीड टक्का, आणि ७ ला जवळजवळ काहीच नाही. सॉर्बेट थोडं वरपर्यंत तग धरतं, पण ६ च्या वर त्याचाही भरवसा नाही. आता तुमचं डेसाइल ग्लुकोसाइड पाहा. ते ड्रममधून येतं तेव्हाच त्याचा पीएच ११ च्या आसपास असतो. ‘सल्फेट-फ्री’ म्हणून घरगुती मंडळी ते आवडीने घेतात, पण सायट्रिक ॲसिडने भरपूर खाली आणावं लागतं हे बऱ्याच जणांना कुणी सांगत नाही. त्यात वाफेने तयार केलेल्या करवंटीच्या कोळशात क्षारयुक्त राख असते, त्याचा स्वतःचा पीएच ९ ते १० असू शकतो. ही राख सावकाश पाण्यात उतरते. म्हणून पहिल्या दिवशी पीएच बरोबर आला तरी आठवड्याने तो वर सरकलेला सापडतो.

पीएच किती होता ते तुम्ही लिहिलेलं नाही. माझा अंदाज, मोजला असेल पण पट्टी वाचता आली नसेल. काळ्या द्रवात पट्टी बुडवली की ती काळीच निघते. यावर उपाय सोपा आहे: १ भाग फेसवॉश ९ भाग डिस्टिल्ड पाण्यात मिसळा, कॉफीच्या फिल्टर पेपरातून गाळा, आणि गाळून खाली आलेल्या स्वच्छ पाण्याचा पीएच घ्या. डिजिटल मीटर परवडत असेल तर तोच घ्या, पण दर वेळी बफरने (ठरलेल्या पीएचच्या द्रावणाने) तपासून. नवीन कोळशाचा पीएचही असाच मोजता येतो, चमचाभर कोळसा डिस्टिल्ड पाण्यात ढवळून, गाळून.

आता परिस्थितीवर अवलंबून काय काय आहे तेही सांगते, कारण सगळा दोष कोळशावर टाकणं अन्याय होईल. कुंडीतल्या कोरफडीचा ताजा गर म्हणजे साखरेसारखी द्रव्यं आणि मातीतले जंतू दोन्ही एकदमच. तो घातलेला फेसवॉश कोळसा नसतानाही टिकवणं कठीण जातं. पाणी डिस्टिल्ड होतं की नळाचं, बाटल्या धुऊन तशाच ओल्या भरल्या का, ढवळायची रवी स्वयंपाकघरातलीच होती का, पंप बाटली होती की झाकण उघडून बोट घालायची डबी, या सगळ्यांनी फरक पडतो. जूनमधला दमट उकाडा आणि जानेवारी यांतही पडतो. पण तुम्ही लिहिता की याआधी कोरफड घातलेला बिनकोळशाचा फेसवॉश दोन महिने नीट टिकला होता. त्यावरून माझा कल कोळसा आणि त्याने वर नेलेला पीएच यांच्याकडेच झुकतो.

म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: दुप्पट करू नका. बेंझोएट दुप्पट केलं आणि पीएच ६.५ वरच राहिला तर जवळपास निरुपयोगी गोष्टीची दुप्पट होते. आणि फिनॉक्सीइथेनॉलसारखं प्रिझर्व्हेटिव्ह १ टक्क्याच्या वर जाऊ देऊ नये, युरोपातली कायदेशीर मर्यादाही तीच आहे. त्याऐवजी कोळसा कमी करा. किती, ते पुढे सांगते.

दुसरा प्रश्न ‘डिटॉक्स’चा. इथे मी जरा कडक बोलणार आहे, रागावू नका.

कातडीतून ‘विषं’ बाहेर पडत राहतात आणि कोळसा ती खेचून घेतो, ही कल्पना जाहिरातींची आहे. शरीरातली टाकाऊ द्रव्यं बाहेर टाकण्याचं काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात. घाम म्हणजे ९९ टक्के पाणी, उरलेल्यात मुख्यतः मीठ. दवाखान्यात विषबाधेसाठी कोळसा वापरतात हे खरं, पण तिथे मोठ्या माणसाला एका वेळी साधारण ५० ग्रॅम पाजतात, शक्यतो विष पोटात गेल्यापासून तासाभरात, म्हणजे ते अजून पोटातच असताना. आणि तिथेही तो सगळ्याला उपयोगी नाही. लोह, लिथियम, अल्कोहोल यांच्यावर डॉक्टर त्याच्या भरवशावर राहत नाहीत. पोटातल्या मोकळ्या विषावर ५० ग्रॅम रिकामा कोळसा आणि चेहऱ्यावर अर्धा मिनिट टिकणारा, आधीच भरलेला चिमूटभर कोळसा, या दोन्हींना एकच शब्द लावणं मला पटत नाही. त्वचेवरच्या कोळशाच्या प्रसाधनांवर नीट आखलेल्या मानवी चाचण्या फारच थोड्या आहेत, आणि ज्या दाव्यांवर बाजार चालतो त्यांना आधार देतील अशा तर त्याहून कमी.

मग चारकोल फेसवॉशने चेहरा ‘स्वच्छ’ वाटतो तो कशाने? त्यातल्या सर्फॅक्टंटने. तोच साबणासारखा तेलाला वेढतो आणि पाण्याबरोबर वाहून नेतो. कोळसा काढून तोच फॉर्म्युला वापरला तरी चेहऱ्यावरचं तेल तेवढंच निघतं. काळा फेस पांढरा होत जाताना पाहिला की मळ निघाला असं वाटतं, एवढाच कोळशाचा वाटा. दृश्य छान असतं, ते मी नाकारत नाही.

काही ठिकाणी कोळसा खरंच काम करतो, हेही सांगायला हवं. दुर्गंधीयुक्त जखमांवर कोळशाच्या कापडाची पट्टी वापरतात, कारण वासाचे लहान, उडणारे रेणू तो चांगले पकडतो. ती पट्टी बाटलीत बुडून राहिलेली नसते, कोरडी असते, हा फरक लक्षात घ्या. त्यामुळे कोरड्या पावडरीच्या रूपात, वापरताना पाण्यात कालवायचा कोळसा आणि मुलतानी मातीचा लेप, यात फेसवॉशपेक्षा मला थोडं तथ्य वाटतं. प्रिझर्व्हेटिव्ह नाही, सर्फॅक्टंट नाही, दहा मिनिटांचा वेळही मिळतो. तरी त्या लेपात तेल शोषण्याचं बहुतेक काम मुलतानी मातीच करते.

इथे एक तांत्रिक गंमत आहे. पुरवठादार ‘आयोडीन व्हॅल्यू १००० च्या वर’ असं मोठ्या अक्षरात लिहितात. आयोडीन व्हॅल्यू म्हणजे कोळसा लहान रेणू किती धरतो त्याचं माप. करवंटीच्या कोळशात बहुतेक छिद्रं २ नॅनोमीटरपेक्षा लहान असतात, म्हणून तो पाण्यातलं क्लोरीन काढायला उत्तम. चेहऱ्याच्या तेलात ट्रायग्लिसराइड, मेणासारखे एस्टर, स्क्वालीन असे बरेच मोठे रेणू असतात. त्यांना शिरायला मोठी छिद्रं लागतात, ती आम्लाने तयार केलेल्या लाकडी कोळशात जास्त मिळतात. म्हणजे दुप्पट भावाचा, आयोडीन व्हॅल्यू मिरवणारा कोळसा तेलासाठी चांगला असेलच असं नाही. मोठ्या रेणूंचा अंदाज हवा असेल तर मोलॅसिस नंबर विचारा. विक्रेता गोंधळला तर समजा की तो फक्त पोतं विकतो.

धूपाचा कोळसा कुटून चालेल का असंही तुम्ही शेवटी विचारलं आहे. नाही. तो ॲक्टिव्हेटेड नसतोच, वर त्यात बांधायला स्टार्च आणि लवकर पेटावा म्हणून नायट्रेटसारखी द्रव्यं असू शकतात. फिश टँकचा दाणेदार कार्बनही नको, मिक्सरमधून काढला तरी त्याचे कण टोकदार राहतात. इंडियन फार्माकोपियाच्या (औषधांच्या अधिकृत मानकांच्या) प्रतीचा घ्या. लॉटसोबत तपासणीचा कागद मागा, त्यात राख, पीएच, शिसे, आर्सेनिक आणि जंतूंची संख्या दिलेली असली पाहिजे. ‘ॲसिड वॉश्ड’ मिळाला तर उत्तम, त्याची राख धुतलेली असते, पीएच ७ च्या आसपास राहतो आणि तुमचं अर्धं दुखणं तिथेच कमी होतं. जाडीबद्दल: ३२५ मेश म्हणजे सुमारे ४५ मायक्रॉन, बोटाला गुळगुळीत लागतो. २०० मेशचा ७५ मायक्रॉनपर्यंतचा, तो चेहऱ्यावर खरखरतो. वजन करताना पंखा बंद ठेवा आणि मास्क लावा. एकदा तो घरात उडाला की पुढच्या पाडव्यापर्यंत कपाटांवर सापडत राहतो.

आमच्या दांडिया बाजारातल्या जुन्या घरी आजी बदामाची टरफलं जाळून राखुंडी करायची आणि आम्ही सगळे त्याने दात घासायचो. कोळसा घासायला चांगला, हे तेव्हाही माहीत होतं. त्याला डिटॉक्स कुणी म्हणत नव्हतं. (दातांच्या बाबतीतही हल्ली दंतवैद्य सांगतात की कोळशाच्या जाडसर पावडरीने इनॅमल झिजू शकतं, म्हणून राखुंडीची आठवण तेवढी ठेवा.)

आता तिसरा प्रश्न, सॅलिसिलिक ॲसिडचा. इथे तर कोळसा आणि औषध समोरासमोर उभे राहतात. ॲस्पिरिन जास्त घेतलेल्या रुग्णाला कोळसा पाजतात, कारण तो सॅलिसिलेट (सॅलिसिलिक ॲसिडच्या घरातली द्रव्यं) धरून ठेवतो. तुम्ही त्याच दोघांना एका बाटलीत घालायचं म्हणता! डॉक्टर ढोबळमानाने विषाच्या दहापट कोळसा धरतात. त्या हिशेबाने तुमच्या बाटलीतला ३ ग्रॅम कोळसा साधारण ०.३ ग्रॅम सॅलिसिलिक ॲसिड अडकवेल. दहापटीचं प्रमाण मुद्दाम ऐसपैस ठेवलेलं असतं, त्यामुळे प्रत्यक्षात जास्तही अडकेल. सर्फॅक्टंट जागेसाठी भांडत असल्याने कमीही अडकेल. म्हणजे २ टक्के छापलेलं ॲसिड प्रत्यक्षात किती मोकळं आहे, हे लॅबशिवाय सांगता येणार नाही. शिवाय सॅलिसिलिक ॲसिड साध्या पाण्यात लिटरमागे जेमतेम २ ग्रॅम विरघळतं, म्हणजे ०.२ टक्के. २ टक्के नीट विरघळवायला योग्य द्रावक लागतो, आणि ते काम करायला पीएच ३ ते ४ लागतो. घरच्या काट्यावर हे सगळं जुळवून विकणं धोक्याचं आहे. नीट न विरघळलेलं ॲसिड तळाशी बसलं तर शेवटच्या चार वापरांत कुणाच्या तरी गालाची आग होईल.

बाजारात मोठ्या कंपन्यांची ‘चारकोल अधिक सॅलिसिलिक’ फेसवॉश सर्रास मिळतात हे मला माहीत आहे. तिथे कोळसा बहुतेक रंगापुरता, अगदी थोडा असतो, आणि प्रत्येक लॉट यंत्रावर तपासला जातो. त्यांच्या लेबलवरचे दोन शब्द पाहून आपण प्रमाण ठरवू नये.

मुलीबद्दल. नाकावरचे जे ठिपके तुम्ही ब्लॅकहेड्स म्हणता ते बहुधा ब्लॅकहेड्स नाहीतच. नाकाच्या टोकावर आणि बाजूला एकसारखे, करडे-पिवळसर, बारीक ठिपके असतील आणि दाबल्यावर पांढरट धागा निघत असेल, तर ती तेलाच्या नळीतली नैसर्गिक भर आहे. तिला सेबेशियस फिलामेंट म्हणतात. ती सगळ्यांना असते, काढली तरी काही दिवसांत पुन्हा भरते. खरा ब्लॅकहेड मोठा, एकटा, काळा आणि घट्ट असतो. आणि त्याचा काळेपणा म्हणजे धूळ नाही. साठलेलं तेल आणि त्वचेतलं मेलॅनिन हवेने काळवंडतं. म्हणून घासून काळेपणा जात नाही, आणि कोळसाही तिथे पोचत नाही. उलट बारीक कोळशाचे कण नाकाच्या कडेच्या छिद्रांत बसून ठिपके जास्त काळे दिसतात, आणि तीच मुलगी पुन्हा जास्त चोळते. हे मी गिऱ्हाइकांच्या तक्रारींत कितीतरी वेळा ऐकलं आहे.

तिला त्रास वाटत असेल तर चेहऱ्यावर लावून ठेवायचं सॅलिसिलिक ॲसिडचं तयार उत्पादन आठवड्यातून दोन-तीनदा, किंवा त्वचारोगतज्ज्ञांना विचारून ॲडापलीन (मुरुमांवर लावायचं औषध). दोन्ही कातडीवर रात्रभर राहतात, म्हणून काही करू शकतात. फेसवॉशमधल्या औषधाला अर्ध्या मिनिटात तेवढा वेळ मिळत नाही.

आणि एक विनंती. ती गरब्याच्या आधी मैत्रिणींबरोबर तो काळा पील-ऑफ मास्क लावत असेल तर थांबवा. त्यात चिकटण्याचं काम पॉलिव्हिनाइल अल्कोहोल करतं, कोळसा नुसता रंग असतो. ओढताना निघालेले ‘ब्लॅकहेड्स’ म्हणून जे दाखवतात त्यात बहुतेक बारीक लव आणि त्वचेचा वरचा थर असतो. ॲडापलीन किंवा तसलं काही लावणाऱ्या मुलीची त्वचा तर आधीच नाजूक झालेली असते, ती सोलवटते. आपल्या सावळ्या त्वचेवर सोलवटल्याची जागा पुढे महिनोन्‌महिने काळसर डाग होऊन राहते. इंटरनेटवर पांढऱ्या चिकटगोंदात कोळसा मिसळून घरी मास्क करायचे व्हिडिओ आहेत, त्यांच्याबद्दल बोलायलाही नको.

आता कोळसा ठेवायचाच असेल तर. आणि ठेवा, गिऱ्हाईक मागतं तर काळा रंग देण्यात गैर काही नाही. फेसवॉशमध्ये ०.२ ते ०.५ टक्के पुरेसा आहे. ०.३ ला सुद्धा फेसवॉश बाटलीत काळाकुट्ट दिसतो. तुमच्या ३ टक्क्यांच्या मानाने जागा दहा पटीने कमी झाली म्हणजे प्रिझर्व्हेटिव्ह पुष्कळ मोकळं राहतं. कोळसा आधी थोड्या ग्लिसरीनमध्ये घोटून घ्या, गुठळ्या होत नाहीत. तो तळाशी बसू नये म्हणून झँथन गम लागेल. कोरफडीचा ताजा गर काढा, हवीच असेल तर प्रिझर्व्ह केलेला तयार गर घ्या. पाणी डिस्टिल्ड. सायट्रिक ॲसिडने पीएच ४.८ च्या जवळ आणा, रात्रभर ठेवा, सकाळी पुन्हा मोजा, वर गेला असेल तर पुन्हा खाली आणा, आणि मगच बाटल्या भरा. डेसाइल ग्लुकोसाइड आणि झँथन कमी पीएचला थोडं पातळ होतं, ते सोसा.

साबणात मात्र कोळसा तितका त्रास देत नाही. कोल्ड प्रोसेस साबणाचा पीएच मुळातच ९ ते १० असतो आणि त्यात मोकळं पाणी कमी, त्यामुळे जंतूंचा प्रश्न फारसा येत नाही. ५०० ग्रॅम तेलाला एक सपाट चमचा, आधी त्याच तेलातल्या थोड्या तेलात घोटून. त्यापेक्षा जास्त घातला की फेस करडा होतो आणि टॉवेल काळे होतात. सुगंध नेहमीपेक्षा मंद लागेल, कारण तुम्हाला आता माहीतच आहे. तुमच्या तक्रार न आलेल्या चारकोल साबणाला हात लावू नका. स्टॉलवर मागणी त्याने भागत असेल तर फेसवॉशच्या भानगडीत न पडणं हाही शहाणपणाचा पर्याय आहे.

लेबलचं राहिलं. घरी केलेली असली तरी विकायची प्रसाधनं ही कॉस्मेटिक्स रूल्स, २०२० खाली येतात, त्यासाठी राज्याच्या औषध प्रशासनाचा उत्पादन परवाना लागतो, म्हणजे आपल्याकडे गांधीनगरचं कार्यालय. स्वतःचा कारखाना जड वाटत असेल तर परवाना असलेल्या कारखान्यात लोन लायसन्सवर (म्हणजे दुसऱ्याच्या कारखान्यात माल करण्याचा आपल्या नावाचा परवाना घेऊन) माल करून घेता येतो, मकरपुऱ्यात असं काम घेणारे आहेत. लेबलवर घटक, बॅच नंबर, उत्पादनाची तारीख आणि वापरण्याची मुदत हवी. ‘मुरुमं बरी करतो’ असं लिहिलं की तुमचा फेसवॉश प्रसाधन राहत नाही, औषध होतो, आणि त्याचे नियम वेगळे. ‘डिटॉक्स’ आणि ‘विषं खेचतो’ हेही काढा, दिशाभूल करणाऱ्या दाव्याला नियमांत जागा नाही. ‘चारकोल फेसवॉश, तेलकट त्वचेसाठी’ एवढं पुरतं आणि ते खरंही आहे, कारण तेल काढणारा सर्फॅक्टंट त्यात आहेच.

पुढचा लॉट विकण्याआधी एकदा तरी लॅबमधून चॅलेंज टेस्ट करून घ्या. त्यात मुद्दाम जंतू सोडून २८ दिवसांत ते किती मरतात ते बघतात. औषध कंपन्यांमुळे वडोदरा ते अहमदाबाद पट्ट्यात अशा खासगी लॅब बऱ्याच आहेत. खर्च तुम्हाला एका प्रदर्शनाच्या नफ्याएवढा वाटेल, पण फॉर्म्युला बदलत नाही तोवर तो पुन्हा पुन्हा करावा लागत नाही. तोवर घरी एवढं करा: एकाच घाण्यातून दोन बाटल्या भरा, एक कोळशासकट, एक कोळशाविना, आणि दोन्हींचा पीएच पहिल्या, सातव्या व एकविसाव्या दिवशी गाळून मोजा. वास न येणं म्हणजे जंतू नसणं नव्हे, त्यामुळे ही घरची चाचणी चॅलेंज टेस्टची जागा घेत नाही. पण कोळसा पीएच किती ओढतो ते तुम्हाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल. खराब झालेल्या लॉटमधली एखादी बाटली फेकण्याआधी तिचा पीएच हातमोजे घालून घ्या आणि मला कळवा. साडेपाचच्या खाली आला तर माझा अंदाज चुकला, आणि मग आपल्याला कोरफडीकडे नव्याने पाहावं लागेल.